चित्रात काम कोण करतंय?

पहाटे ५.३०

आज माघी पौर्णिमा, म्हणजे उधाण. पौर्णिमा-अमावास्येला मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी सकाळी सहाच्या आसपास तळाला जातं आणि दुपारी बारा-साडेबाराला भरतं. ठाणे खाडीच्या आतल्या टोकाला हे सगळं थोडं उशिरा पोचतं. त्या हिशोबाने आजचा दिवस लावलाय: सातला चिखल, दहाला शाळा, दुपारी एकला होडी, मग टेबल आणि रात्री आठला कोळीवाड्यात बैठक. बैठक आठच्या आधी ठेवून उपयोग नसतो. बाजारातून परतलेल्या बायकांचा स्वयंपाक तेव्हा कुठे उरकतो.

काम काय आहे ते सांगते. खाडीकाठच्या एका कोळीवाड्यात समाजमंदिराची लांबच लांब भिंत आहे. तिच्यावर सन २०५० मधली खाडी रंगवायची आहे. पैसे एका छोट्या संस्थेचे, भिंत गावाची. चित्र कोणाचं, ते अजून ठरायचंय.

२०५० हे साल मी निवडलेलं नाही. मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर केला आणि नक्त शून्य उत्सर्जनासाठी २०५० साल धरलं. देशाने धरलंय २०७०. तेव्हापासून आमच्या धंद्यात २०५० चालू नाण्यासारखं फिरतंय. आराखड्यात तक्ते आहेत, आलेख आहेत, प्रभागवार नकाशे आहेत. त्या साली सकाळी सात वाजता या धक्क्यावर कोण उभं असेल आणि त्याच्या हातात काय असेल, हे मात्र आराखड्यात नसतं. ते काढून दाखवायचे मला पैसे मिळतात.

पिशवीत स्केचबुक, रंगपेटी, पाण्याची बाटली, चहाचा थर्मास आणि चिखलासाठी रबरी बूट. छत्री नको, टोपी हवी.

सकाळी ६.४५

धक्क्यावर उजाडतंय. पाणी पार मधल्या पात्रापर्यंत मागे गेलंय आणि इकडच्या काठापर्यंत नुसता चिखल.

हा चिखल रंगवणं हे या कामातलं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मजेचं. तो करडा नसतो. सूर्य वर यायच्या आधी त्याच्यावर पाण्याचा पापुद्रा असतो आणि त्यात आकाश उतरलेलं असतं, म्हणून आधी पातळ गुलाबी-निळा हात द्यायचा. तो वाळायच्या आत जळकी तपकिरी छटा कडेने सोडायची, म्हणजे ती आपणच पसरत जाते. जिथे पाणी साचलंय तिथे कागद कोराच ठेवायचा. पंधरा मिनिटांनी ऊन आलं की हे सगळं बदलतं. पापुद्रा जातो, चिखल मॅट दिसायला लागतो आणि त्याच्यावर निवट्यांच्या उड्या मारल्याच्या रेघा दिसतात. काठाशी तिवराची श्वासमुळं चिखलातून हजारोंनी वर आलेली. ती काढताना एक-एक मूळ काढत बसलं तर जन्म जाईल. म्हणून पुढची चार-पाच नीट काढायची आणि मागे सुक्या ब्रशचा फटकारा.

दूरवर गुलाबी पट्टी आहे. ते फ्लेमिंगो, आपले रोहित. त्यात बहुतेक लहान रोहित. नोव्हेंबरच्या सुमाराला येतात, पावसाच्या तोंडावर जातात. चोच उलटी करून चिखलपाणी गाळतात आणि त्यातलं शेवाळ खातात. या पक्ष्यांमुळेच २०१५ मध्ये खाडीच्या पश्चिम अंगाला सुमारे १,६९० हेक्टरचं फ्लेमिंगो अभयारण्य झालं, आणि २०२२ मध्ये ठाणे खाडी रामसर यादीत गेली. नांदूरमधमेश्वर आणि लोणारनंतर महाराष्ट्रातली ती तिसरी पाणथळ जागा.

आता इथेच माझी अडचण सुरू होते. पक्ष्यांचा अभ्यास करणारे सांगतात की हे शेवाळ एवढं माजण्यामागे शहराच्या सांडपाण्याचा मोठा हात असावा. सांडपाण्यातलं नत्र-स्फुरद खाडीत येतं, त्यावर शेवाळ पोसतं आणि शेवाळावर रोहित. म्हणजे आजचा हा डोळे सुखावणारा गुलाबी रंग थोडाफार आपल्या गटारांचा आहे. उद्या सांडपाणी खरोखर शुद्ध होऊन यायला लागलं, तर गुलाबी पट्टी आखूड होईल का? तसं झालं तर २०५० च्या चित्रात मी आजच्यापेक्षा कमी फ्लेमिंगो काढायचे, आणि लोकांना सांगायचं की हे चांगलं चाललंय?

मी कमीच काढणार आहे. त्यांच्या जागी मासे खाणारे पक्षी वाढवीन: बगळे, खंड्या, पाणकावळे. पाण्यात मासा असल्याशिवाय हे येत नाहीत. संस्थेतल्या लोकांना हे अजून सांगितलेलं नाही. त्यांच्या बोधचिन्हातच फ्लेमिंगो आहे.

सकाळी ८.३०

स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर चहा. समोर बिल्डरचं होर्डिंग, तीन मजली इमारतीएवढं.

आपल्याकडे भविष्याची सर्वांत जास्त चित्रं बिल्डर छापतात. ती नीट बघायची मला सवय लागली आहे. या होर्डिंगमध्ये चाळीसेक मजल्यांचा मनोरा, खाली हिरवळ, पलीकडे निळीशार खाडी. ठाणे खाडी आजवर निळी कधी कुणी पाहिली? तिवरांची जागा कातरलेल्या झुडपांनी घेतली आहे. एक बाई योगासन करतेय, एक जोडपं धावतंय, एक मूल फुगा धरून उभं आहे. आकाशात सात फ्लेमिंगो. त्या हिरवळीला पाणी घालणारा माणूस नाही. कचरा उचलणारी नाही, वॉचमन नाही, दोरीवर वाळत घातलेला एक टॉवेलसुद्धा नाही. धक्का नाही, होड्या नाहीत, म्हणजे आज रात्री ज्यांच्याकडे बैठक आहे ते या चित्रात नाहीतच.

दुसरं चित्र याच्या उलट. गेटवेच्या कमानीपर्यंत पाणी, लोकलच्या टपावर लाटा. ऑक्टोबर २०१९ मध्ये क्लायमेट सेंट्रल या अमेरिकी संस्थेचा अभ्यास आला. २०५० पर्यंत भरतीच्या रेषेखाली जाऊ शकणारा भाग त्यात नकाशावर रंगवून दाखवला होता. मुंबईचा बराच भाग त्या रंगात होता आणि तो नकाशा आमच्या सगळ्यांच्या फोनवर फिरला. अभ्यास गंभीर होता, त्याची थट्टा करायची नाही. बंधारे-भिंती धरलेल्या नाहीत हेही त्यांनी सांगितलं होतं. फोनवर फिरताना ते वाक्य गळलं. पण त्या नकाशावरून निघालेल्या चित्रांत मी माणूस शोधत होते. सापडला तर बुडताना, नाहीतर पत्ताच नाही. आणि भीती कुणाला दाखवायची? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. तो दिवस ज्यांनी छातीएवढ्या पाण्यात काढला, त्यांना पाणी कसं चढतं हे चित्रकाराने शिकवायला नको.

तर ही दोन चित्रं. एक आशेचं म्हणून विकतात, दुसरं भीतीचं म्हणून फिरतं, आणि दोघांमध्ये काम करणारं माणूस मिळत नाही. माझ्या मते आशेच्या चित्राची परीक्षा सोपी आहे: त्यात काम कोण करतंय ते दाखवा.

चहा दहा रुपये. सुट्टे नाहीत म्हणून क्यूआर.

सकाळी १०.००

पालिकेची शाळा, सातवीचा वर्ग. नागपूरचे व्यंगचित्रकार रोहन चक्रवर्ती यांच्या ‘ग्रीन ह्युमर’मधली दोन-तीन चित्रं भिंतीवर दाखवून सुरुवात केली. प्राणी माणसांची टर उडवतात हे कळायला भाषांतर लागत नाही. वर्ग हसला, मग कागद वाटले.

पहिल्यांदा सांगितलं, “२०५० मधला तुमचा रस्ता काढा.” अपेक्षेप्रमाणे उडत्या गाड्या, काचेचे मनोरे, यंत्रमानव. एकाने आकाशात सरळ विमानतळ बांधला. मुलं हे कुठून आणतात? होर्डिंगवरून, मोबाइलच्या खेळांतून. त्यांच्यापुढे भविष्याचे दुसरे नमुने ठेवलेच कोणी?

मग कागद उलटा करायला सांगितला. “त्याच रस्त्यावर, २०५० मध्ये, सकाळी सात वाजता तुमच्या घरातलं कोण काय करतंय ते काढा.”

वर्ग एकदम कामाला लागला. आवाज पेन्सिलींचा. एका मुलीने होडीवर छप्पर काढलं, छपरावर सौर पत्रे, खाली तिची आजी वाटे लावतेय. वाटे म्हणजे मासळीचे. तिने मोजून पाच काढले होते आणि शेवटचा वाटा लहान होता. एका मुलाचे वडील कचरागाडीवर आहेत. त्याने स्वच्छ रस्ता काढला आणि पेन्सिल चावत बसला. म्हणाला, “टीचर, कचराच नाय तर पप्पा कुठे काढू?” शेजारच्याने सुचवलं, गाडी बॅटरीवर चालते, पप्पा बॅटरी बघतात. ते त्याला पटलं नाही. शेवटी त्याने वडिलांना गाडीतच बसवलं, पण ओला कचरा एकीकडे, सुका एकीकडे, मागे खताचा ढीग, आणि वडिलांच्या हातात मोजे. हातमोजे त्याने इतके मोठे काढले की हात दिसेनात.

तो हातमोजा माझ्या भिंतीवर जाणार. त्याची परवानगी घेतली आहे.

दुपारी १.००

भरती. धक्क्याला पाणी लागलंय आणि सकाळचा सगळा चिखल गायब आहे. नाखवाकाकांच्या होडीत आम्ही दोघंच. त्यांचं वय साठीच्या पुढे, बोलणं कमी, पण जे बोलतात ते लिहून घेण्यासारखं.

पाण्यातून काठ बघितल्याशिवाय खाडीचं चित्र काढू नये. जमिनीवरून खाडी म्हणजे मागचा पडदा वाटते. पाण्यातून उलटं होतं: शहर मागे जातं, पुढे तिवरांची भिंत, कुठे कुठे चिप्पी. पांढरी चिप्पी २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष आहे. तिची फुलं रात्री उमलतात आणि वटवाघळं त्यावर येतात, हे मी भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात घालणार आहे.

होडी धक्क्यापासून निघून मधल्या पात्राला लागेपर्यंत काका वाटेकडे बोट दाखवत होते. पूर्वी इथून ओहोटीलाही होडी जायची. आता गाळ भरलाय, आणि गाळावर तिवरं उगवली आहेत.

“तिवरं पायजेतच,” ते म्हणाले. “वारा अडवतात, पानी अडवतात, चिंबोरी त्यांच्यातच. पन आमच्या वाटेत उगवली तं आम्ही जायाचं कुठून? तोडली तं केस.”

कायदा कडक आहे, आणि तो असायलाच हवा होता. राज्यात २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये कांदळवनांच्या तोडीवर बंदी घातली, भोवतालचा ५० मीटरचा पट्टाही राखायला सांगितला. ते झालं नसतं तर या काठावर आज तिवरांऐवजी डेब्रिजचे ढीग दिसले असते. पण ठाणे खाडीत गेल्या काही दशकांत गाळ साचून चिखलपट्ट्यांवरच कांदळवन पुढे सरकलंय. म्हणजे जिथे पाणथळ पक्षी चरतात तो उघडा चिखल कमी होतोय, आणि कोळ्यांच्या वाटाही बुजताहेत. हिरवा रंग वाढला की भलं झालं, हा पोस्टरवाल्यांचा हिशोब इथे चुकतो. माझ्या चित्रात हिरव्याइतकाच तपकिरी लागणार आहे.

जाळं वर घेतलं. थोडी कोळंबी, दोन बोय, एक चिंबोरी, आणि बाकी पिशव्या. मासळी वेगळी करायला लागतो त्याहून जास्त वेळ प्लास्टिक वेगळं करायला लागतो. काका पिशव्या परत पाण्यात टाकत नाहीत; होडीच्या टोकाला एक गोणी बांधली आहे, तिच्यात भरतात. त्याचे त्यांना कोणी पैसे देत नाही.

परतताना मी नुसत्या रेघा मारत होते. २००९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात अनुराधा माथूर आणि दिलीप दा कुन्हा यांचं ‘सोक’ नावाचं प्रदर्शन झालं होतं. मुंबई म्हणजे खाडीमुख आहे, इथे जमीन आणि पाणी एकमेकांत मुरलेलं आहे, हे त्यांनी नकाशांनी आणि छेदचित्रांनी मांडलं. नकाशात जमीन आणि पाण्याच्या मधे एक रेघ असते. ती रेघ कुठल्या तासाला काढली, पावसाळ्यात की उन्हाळ्यात, हे कोणी विचारत नाही. छेदचित्रात मात्र तळाचा गाळ, पाण्याची उंची, मुळं, धक्का, घर आणि घराचं छप्पर एकाच ओळीत येतात. भिंत लांब आणि बुटकी आहे. तिला हेच शोभेल. डावीकडे ओहोटी, उजवीकडे जाताना पाणी चढत जाईल. भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत चालत गेलं की सहा तास झाले.

“काय काढतंस?” काकांनी विचारलं.

“पाणी किती चढतं ते.”

“ते मी सांगतो. उधानाला या खिळ्यापर्यंत.” त्यांनी धक्क्याच्या खांबावरचा एक गंजलेला खिळा दाखवला.

दुपारी ३.३०

टेबल. पंखा चारवर, कागदाच्या कोपऱ्यांवर वजनाला शाईच्या बाटल्या.

समोर भिंतीवर चिकटवलेल्या संदर्भांत जिव्या सोमा म्हसे यांच्या मासेमारीच्या जाळ्याच्या चित्राची छापील प्रत आहे. म्हसे पालघरकडचे वारली चित्रकार, २०११ मध्ये पद्मश्री. पूर्ण चित्रभर पसरलेलं जाळं, बारीक रेघांचं, आणि त्याच्या कडेला इवलीशी माणसं. वारली चित्रात बिनकामाचं माणूस शोधून दाखवा. लावणी, कांडण, पाणी शेंदणं, ताडीच्या झाडावर चढणं. नाचतात तेव्हाही सगळ्यांचे हात गुंतलेले. निसर्ग आणि माणूस यांचं नातं म्हणून जे काही आपण आता सेमिनारमध्ये बोलतो, ते त्या चित्रांत कामातून दिसतं. तेवढंच मला त्यांच्याकडून घ्यायचंय. वारली आकृत्या उचलून भिंतीवर डकवायच्या नाहीत. तो उद्योग सध्या प्रत्येक उड्डाणपुलाखाली जोरात चाललाय.

शेजारी पिंगुळीच्या चित्रकथीचं एक पान. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने ही परंपरा टिकवली, आणि परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ ची पद्मश्री मिळाली. पोथीतलं एक-एक पान उभं धरून कथेकरी वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीने गोष्ट सांगतो. पान सगळं सांगत नाही. अर्धी गोष्ट सांगणाऱ्याच्या तोंडी असते. भिंतीवरही मी काही जागा मुद्दाम मोकळ्या ठेवतेय, म्हणजे गावातलं कोणी पाहुण्याला भिंत दाखवायला उभं राहिलं तर त्याला बोलायला काही उरेल.

४.१० ला संस्थेकडून व्हॉट्सॲपवर चित्र आलं. एआयने केलेलं. काचेच्या इमारतींवर वेली, मधून निळी नदी, आकाशात पवनचक्क्या, काठावर एका फ्लेमिंगोला तीन पाय. खाली मजकूर: “साधारण असा फील येईल का?” मी लिहिलं, “तिसरा पाय काढून देते.” उत्तरादाखल हसण्याचा चेहरा आला, म्हणजे वाद पुढे ढकलला गेला.

या शैलीला जगभर सोलरपंक म्हणतात आणि तिच्यात चांगलं कामही झालंय. २०२१ मध्ये लंडनच्या द लाइन या स्टुडिओने ‘डिअर ॲलिस’ नावाचा छोटा ॲनिमेशनपट केला. आजीने नातीला लिहिलेलं पत्र, शेत, फळबागा, मदतीला यंत्रं आणि कामात गुंतलेली माणसं. फारच देखणा. तो एका दही विकणाऱ्या कंपनीची जाहिरात होता. लोकांनी त्यातलं कंपनीचं नाव पुसून नवी आवृत्ती काढली आणि तीच जास्त प्रेमाने पाहिली जाते. मला तो आवडतो, एक तक्रार सोडली तर. त्यात सगळं नवं कोरं आहे. आमच्या खाडीकाठी २०५० मध्येही आजच्याच इमारती उभ्या असतील, गळतीला ताडपत्री लावलेल्या. म्हणून माझ्या रेखाटनात डागडुजी भरपूर आहे. जुन्या चाळीच्या गच्चीवर सौर पत्रे बसवणारी दोन मुलं. बर्फासाठी सौर विजेवरची छोटी शीतखोली, तिच्या दाराशी बिजागरीला तेल घालणारा माणूस. सांडपाणी केंद्राची टाकी आणि तिच्या कठड्यावर नमुन्याची बाटली उजेडात धरून बघणारी बाई. परवानगी घेऊन गाळ काढलेली होडीची वाट, दोन्ही बाजूंना तिवरं तशीच.

पाच वाजेपर्यंत पेन्सिल. सव्वापाचला पाठीने जाब विचारला.

रात्री ८.००

समाजमंदिराची फरशी. कागदाची लांब गुंडाळी पसरली, कडांवर चपला ठेवल्या. वीस-पंचवीस माणसं, निम्म्याहून जास्त बायका, आणि कागदावरून पळणारी पोरं.

चित्रकलेच्या वर्गात कोणी अशी तपासणी केली नव्हती.

“ताई, आमची होरी कुठं हाय?” दाखवली. “ही होय? हिला वल्हं बाहेरून दिसतंय. मानूस कुठं बसनार?” बरोबर होतं, खोडलं.

“मासली कोन इकतंय इथं?” बाजार मी कोपऱ्यात काढला होता. तो मधे घ्या, असं ठरलं. मग एक मावशी पुढे सरकल्या. आयुष्यभर टोपली डोक्यावर घेऊन लोकलच्या डब्यातून बाजार केलेल्या. त्यांनी कागदावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “इथं सावली दाव. आन् त्याच्या बाजूला संडास दाव बायांचा, पानी असलेला. दोन हजार पन्नासपर्यंत तरी होऊ दे.”

हशा पिकला. मावशी हसल्या नाहीत. मी तिथेच पेन्सिलीने चौकोन काढला, दार काढलं, दाराला आतून कडी काढली. कडी बाहेरून दिसत नाही, पण त्यांनी ती काढलेली बघितली.

ऐरोलीच्या कंपनीत नोकरी करणारा एक तरुण मागे भिंतीला टेकून उभा होता. त्याचं म्हणणं वेगळं. “मॅडम, खाडी राहील हो. आपण राहतो का ते बघा. कोळीवाड्याच्या हद्दीच नीट आखलेल्या नाहीत. उद्या टॉवर आला तर ही भिंतच नसणार.” मग त्याने सुचवलं की हद्दीचे दगड चित्रात घाला, रंगवून, नंबर टाकून. दोघा-तिघांनी विरोध केला, राजकारण नको म्हणाले. वाद अर्धा तास चालला आणि मी त्यात पडले नाही. दगड राहिले. नंबर नाही.

फ्लेमिंगोंवरही बोलणं झालं. मी कारण सांगितलं, गटारं, शेवाळ, सगळं. संस्थेच्या मुलीचा चेहरा उतरला. नाखवाकाका म्हणाले, “ते पाहुने. आले तं आले. मासली घरची.” त्यावर ठरलं ते असं: डाव्या टोकाला, ओहोटीच्या चिखलावर थोडे रोहित, बाकी बगळे आणि खंड्या. बोधचिन्ह संस्थेने आपल्या पत्रकावर ठेवावं.

कागद गुंडाळायला घेतला तेव्हा एका आजींनी विचारलं, “पावसानं रंग उडाला की परत कोन मारनार?”

हा प्रश्न दर कामावर मीच विचारते आणि आयोजक दर वेळी विषय बदलतात. आज गावाने बदलला नाही. बाहेरच्या भिंतीचा ॲक्रिलिक रंग खारट हवेत फार वर्षं टिकत नाही, खाली ओल धरली की पोपडे येतात, हे मी स्पष्ट सांगितलं. महिला मंडळाने दर दिवाळीआधी डागडुजी करायचं कबूल केलं. उरलेले डबे, रंगांचे क्रमांक आणि रेखाटनाची प्रत समाजमंदिराच्या कपाटात राहील. म्हणजे दहा वर्षांनी चित्रात माझा हात किती आणि त्यांचा किती, हे सांगता येणार नाही. कोणाला वाटलं तर ते एखादी होडी वाढवतील, एखादा पक्षी बुजवतील. चित्र कोणाचं हा सकाळचा प्रश्न बहुतेक मिटला.

रात्री १०.३०

घरी. जेवण, मग यादी: वल्ह्याची जागा, बाजार मधे, सावली, संडास, हद्दीचे दगड, खांबावरचा खिळा, हातमोजा. खर्चाचं पत्रक बदलायचं, कारण तपकिरीचे दोन डबे वाढले आणि गुलाबीचा एक कमी झाला.

झोपायच्या आधी गावाच्या ग्रुपवर निरोप टाकला: “शिमगा झाला की पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता भिंतीला प्रायमर लावायचा आहे. ब्रश आणि शिडी आणते. ज्यांना रंगवायचं आहे त्यांनी जुने कपडे घालून या. उन्हासाठी ताडपत्री कोणाकडे असेल तर उद्यापर्यंत कळवा.”